सही करण्याआधी नेटवर्क तपासायचं कसं: आराखड्यापासून चालू करण्यापर्यंत

आपल्याकडे नेटवर्कची चाचणी बहुतेक ठिकाणी अशी होते. रॅक (उपकरणांचं कपाट) उभा राहतो, ठेकेदाराचा माणूस लॅपटॉप जोडून एक वेबसाइट उघडून दाखवतो, पिंगच्या (समोरचं उपकरण किती वेळात उत्तर देतं ते पाहणाऱ्या चाचणीच्या) काळ्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो आणि मालक सही करून मोकळा होतो. काम जानेवारीत झालेलं असतं. मे महिन्यात पत्र्याखालचा स्विच (नेटवर्कच्या केबली जिथे एकत्र जोडतात तो डबा) भर दुपारी मान टाकतो, अंधार पडला की कॅमेरे एकेक करून गळतात, हंगामात बिलिंग अडकतं. ठेकेदार म्हणतो, "भाऊ, आराखड्यात होतं तसंच बसवलंय." तो खोटं बोलत नसतो. आराखडाच कुणी तपासलेला नसतो.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र कालवतात. हा आराखडा आपलं काम पेलेल का, हा पहिला. त्याचं उत्तर मंजुरीआधी हवं. आराखड्याप्रमाणे बसवलंय का, हा दुसरा. त्याचं उत्तर चालू करण्याआधी हवं. पहिल्याचं उत्तर केबल गाडल्यावर मिळालं, तर त्याचा उपयोग फक्त भांडायला होतो.

खाली एकच कल्पित उदाहरण धरून चालतो: सावदा-रावेर पट्ट्यातलं केळीचं पॅकहाऊस, शेजारी कोल्ड स्टोरेज आणि रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याची खोली), मुख्य ऑफिस जळगावात. ४० कॅमेरे, १२ आयपी फोन, वजनकाटा, बिलिंग, हातातले स्कॅनर आणि हंगामात दीडदोनशे माणसांचे मोबाइल. तुमच्याकडे जिनिंग असेल, पतसंस्था असेल किंवा शहाद्याकडचं कॉलेज असेल, तर आकडे बदला. क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: पास-नापासचे आकडे आधी लिहा

चाचणीचं यंत्र हातात घेण्याआधी कागद घ्या. "नेट फास्ट पाहिजे" ही मागणी तपासता येत नाही. "वजनकाट्यावरून पावती दोन सेकंदांत निघाली पाहिजे" ही येते. प्रत्येक मागणीसमोर चार रकाने करा: काय तपासायचं, कसं, किती आलं तर पास, आणि निकालावर सही कोणाची. ज्या मागणीसमोर चाचणी सुचत नाही, ती मागणी नीट लिहिलेलीच नाही.

आता बेरीज. प्रत्येक कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) धरले तर ४० कॅमेऱ्यांचे १६० एमबीपीएस होतात. फोनचा एक कॉल साध्या कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) साधारण ९० केबीपीएस घेतो, म्हणजे बाराही जण एकदम बोलले तरी एक एमबीपीएसच्या आसपास. बिलिंग आणि स्कॅनर त्याहूनही किरकोळ. पॅकहाऊस ते जळगाव लाइन १०० एमबीपीएसची घेणार असाल आणि सगळे कॅमेरे जळगावात रेकॉर्ड होणार असं आराखड्यात लिहिलं असेल, तर तो आराखडा बेरजेतच नापास झाला. रेकॉर्डर पॅकहाऊसमध्ये ठेवा, जळगावला लागेल तेवढंच चित्र पाठवा. असल्या चुका पेन्सिलीने सापडतात, त्यासाठी एकही स्विच विकत घ्यावा लागत नाही.

आवाजासाठी हे आकडे धरा: एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, पॅकेट (डेटाचे तुकडे) गळती १ टक्क्याच्या आत, जिटर (उशिरातला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत. मुख्य लाइन तुटली तर किती सेकंदांत दुसरीवर जायला हवं, हा आकडा मालकाकडून घ्या. तो म्हणणार, "लगेच." त्याला विचारा, गाडी भरायला उभी असताना बिलिंग पाच मिनिटं बंद राहिलं तर काय होईल? त्या उत्तरातून खरा आकडा निघतो.

तपासा: हे आकडे ठेकेदाराने भाव देण्याआधी त्याच्या हातात पडलेत का? नंतर दिलेले आकडे तो "एक्स्ट्रा काम" म्हणून धरेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

## टप्पा २: जागा पाहा, तीही दुपारी

पुण्या-मुंबईकडून आलेले आराखडे खान्देशात इथेच फसतात. भुसावळ-जळगावला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी पुढेही. हे झालं सावलीतलं मोजमाप. पत्र्याच्या शेडमध्ये, छताला लागून गेलेल्या पाइपात आणि बंद रॅकमध्ये त्याहून बरंच जास्त असतं. म्हणून पाहणी दुपारी एक ते चारमध्ये करा आणि सोबत साधा थर्मामीटर न्या. पाहणी हिवाळ्यात करावी लागत असेल, तर जागेवरच्या माणसाला विचारा की मे महिन्यात ह्या खोलीत कोण बसतं. "कोणीच नाही" असं उत्तर आलं, तर स्विचही तिथे बसवू नका.

उष्णतेचा पहिला फटका केबलला बसतो. तांब्याच्या लॅन केबलसाठी १०० मीटरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते: ९० मीटर पक्की केबल आणि १० मीटर पॅच कॉर्ड (टोकाच्या छोट्या जोडकेबली). हा हिशोब २० अंशांचा आहे, हे मात्र विसरलं जातं. तापमान चढलं की केबलमधली सिग्नलची घट वाढते. साध्या, शिल्ड नसलेल्या केबलला ९० मीटरऐवजी ४० अंशांना साधारण ८४, ५० अंशांना ७९ आणि ६० अंशांना ७५ मीटरच धरायचे. पत्र्याखालून ८८ मीटर केबल ओढली, तर ती डिसेंबरच्या चाचणीत पास होऊन मे महिन्यात चुका देऊ शकते. आराखड्यात छताखालून जाणारी आणि ७५ मीटरपेक्षा लांब असलेली प्रत्येक केबल लाल पेनाने गोल करा. तिथे फायबर टाका, नाहीतर मध्ये रॅक घ्या.

दुसरा फटका स्विचला. ऑफिससाठी बनवलेले बरेच स्विच ४० किंवा ४५ अंशांपर्यंतच चालवायचे असतात. डेटाशीटवर "ऑपरेटिंग टेंपरेचर" ही ओळ शोधा, आणि आकडा रॅकच्या आतल्या हवेचा आहे हे ध्यानात ठेवा. औद्योगिक स्विच ७० अंशांच्या पुढेही चालतात, पण महाग असतात. सगळीकडे तेच घेण्याची गरज नाही. शेडमधल्या दोन जागांपुरते घ्या.

तिसरा फटका यूपीएसच्या बॅटरीला. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर सांगितलेलं असतं, आणि त्यापुढे दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी गरम खोलीत दोन उन्हाळे काढेल, याची खात्री नाही.

याच फेरीत वीजही पाहा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा, पण कॉम्प्रेसर, पंप, जिनिंगच्या मोटरी असं जे काही असेल ते चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर आधी वायरमन बोलवा, नेटवर्कवाला नंतर. जिनिंगवाल्यांनी तर पाहणी पावसाळ्यात करूच नये. तेव्हा मशिनं बंद असतात, सगळं शांत आणि छान दिसतं. कापूस आला की मोटरी आणि ड्राइव्ह सुरू होतात, आणि त्यांच्या पॉवर केबलला चिकटून गेलेली लॅन केबल तेव्हा रंग दाखवते.

इशारा: एका इमारतीतून दुसरीत तांब्याची लॅन केबल हवेतून ओढू नका. जूनच्या पहिल्या विजांत दोन्ही टोकांचे स्विच जाऊ शकतात. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, अंतर वीस मीटर असलं तरी.

## टप्पा ३: कागदावरच मोडून पाहा

आराखड्याची प्रिंट टेबलावर पसरा. एकेका वस्तूवर बोट ठेवा आणि विचारा, "हे मेलं तर काय काय बंद पडेल?" हे काम आराखडा काढणाऱ्याने एकट्याने करू नये. स्वतःच्या आराखड्यातलं भोक स्वतःला दिसत नाही. ज्याला नेटवर्कमधलं काही कळत नाही पण पॅकहाऊस कळतं, असा एक जण शेजारी बसवा.

या बैठकीत नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा:

- दोन लाइनी, एकच खांब. वेगवेगळ्या दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. पण दोघांच्या फायबर गावाच्या फाट्यापासून एकाच खांबांवरून किंवा रस्त्याकडेच्या एकाच चरातून येत असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. फाट्यापर्यंत चालत जा आणि डोळ्यांनी पाहा. दुसरी लाइन रेडिओ किंवा मोबाइलची घेता येते का, बघा.
- पॉवर देणाऱ्या स्विचचं बजेट. २४ पोर्टचा ३७० वॉटचा पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणारा) स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट देऊ शकतो. तेच ३० वॉट मागणारे कॅमेरे लावले, तर बाराच चालतील. पोर्ट चोवीस आहेत म्हणून उपकरणं चोवीस बसतात असं नाही.
- आयपी पत्ते. साध्या एका सबनेटमध्ये (नेटवर्कचा एक गट) २५४ पत्ते असतात. मजुरांचे मोबाइल त्याच वायफायवर आले आणि डीएचसीपीचा (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) लीज, म्हणजे पत्ता राखून ठेवण्याची मुदत, आठ दिवसांचा ठेवला, तर शिफ्ट बदलत दोन दिवसांत पत्ते संपतात. मग स्कॅनरला पत्ता मिळत नाही, आणि सगळे म्हणतात वायफाय खराब आहे. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा, त्याचा लीज काही तासांचाच ठेवा.
- रूट ब्रिज. स्पॅनिंग ट्रीमध्ये (लूप टाळायला स्विच आपसांत वापरतात ती व्यवस्था) सगळ्या स्विचची प्रायॉरिटी मूळची ३२७६८ च ठेवली, तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) स्विच मुख्य ठरतो. तो अनेकदा कोपऱ्यातला सगळ्यात जुना डबा निघतो. मुख्य स्विचची प्रायॉरिटी आराखड्यातच लिहून कमी करा.

## टप्पा ४: टेबलावर मांडून चाचणी

मंजुरीआधीची खरी चाचणी ही. पण लोक "वेळ नाही" म्हणून हीच गाळतात. सगळं नेटवर्क उभारायची गरज नाही. मुख्य स्विच, एक टोकाचा स्विच, फायरवॉल (आत-बाहेरची वाहतूक तपासणारा डबा), एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), एक कॅमेरा आणि एक फोन एवढं पुरतं. पुरवठादाराकडून ते आठवड्यासाठी मागून घ्या. मोठी खरेदी असेल तर देतात.

जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजीसारख्या सॉफ्टवेअरवर आराखडा आधी चालवून पाहणं चांगलं. राउटिंग (डेटाची वाट), व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं), कोणाला कुठे प्रवेश, हे सगळं तिथे कळतं. वेग मात्र तिथे मोजू नका. तो तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग असतो, स्विचचा नव्हे.

टेबलावरचा क्रम असा ठेवा.

१. आधी मोजण्याचं साधन तपासा. दोन लॅपटॉप एकाच चांगल्या पॅच कॉर्डने थेट एकमेकांना जोडा, दोन्हींचं वायफाय बंद करा आणि आयपर्फ३ (वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवा. गिगाबिट लिंकवर टीसीपीचा (पोचलं का ते तपासत पाठवण्याची पद्धत) आकडा ९४० एमबीपीएसच्या आसपास यायला हवा. नाही आला, तर दोष लॅपटॉपचा, यूएसबी ॲडाप्टरचा किंवा अँटिव्हायरसचा. हे न करता पुढे गेलात, तर दिवसभर चुकीच्या ठिकाणी दोष शोधाल.

२. मग मध्ये एकेक वस्तू घाला. आधी एक स्विच, मग दोन, मग फायरवॉल. प्रत्येक वेळी दोन्ही दिशांनी मोजा. आकडा कुठे पडतो ते आपोआप दिसतं. आकडा बरोब्बर ९४ च्या आसपास आला, तर लिंक १०० एमबीपीएसवर घसरली आहे. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणजे एखादी तार तुटली आहे किंवा क्रिंपिंग चुकलं आहे.

३. फायरवॉल सगळी तपासणी चालू ठेवून मोजा. माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुतेकदा मोठ्या पॅकेटवर आणि तपासणी बंद ठेवून घेतलेला असतो. लहान पॅकेटवर परीक्षा अवघड असते: १ जीबीपीएसच्या लाइनवर ६४ बाइटची सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम (केबलवरून जाणारी पॅकेट) जातात. आरएफसी २५४४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) ही १९९९ ची पद्धत याचसाठी ६४ पासून १५१८ बाइटपर्यंत वेगवेगळ्या आकाराच्या फ्रेमने मोजायला सांगते. तुमच्याकडे तसं यंत्र नसलं, तरी निदान लहान पॅकेटची एक फेरी घ्याच. फोनची पॅकेट लहानच असतात.

४. यूडीपी (पोचलं का ते न तपासता पाठवण्याची पद्धत) मोजताना दर स्वतः सांगा. आयपर्फ३ ला दर सांगितला नाही, तर तो यूडीपी फक्त १ एमबीपीएसने पाठवतो. मग "गळती शून्य" असा सुंदर अहवाल तयार होतो आणि सगळे खूश. कॅमेऱ्यांचे १६० एमबीपीएस अपेक्षित असतील तर २०० ने पाठवा.

५. लाइन भरलेली असताना उशीर मोजा. रिकाम्या लाइनवर पिंग नेहमीच गोड दिसतो. एकीकडे आयपर्फ३ ने लाइन काठोकाठ भरा आणि दुसरीकडे पिंग सोडा. १५ मिलिसेकंदांचा पिंग ४०० वर गेला, तर फोनला प्राधान्य देण्याची सेटिंग आराखड्यात नाही, किंवा आहे पण चालत नाही. जळगावची लाइन अजून आलेली नसेल, तर लिनक्स मशिन मध्ये ठेवून नेटेम या साधनाने खोटा उशीर आणि गळती घाला.

६. पॅकेटचा आकार तपासा. पिंगला तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइट पाठवा. २८ बाइट हेडर धरून १५०० होतात. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) लाइनवर १४६४ च जातात, व्हीपीएनमधून (इंटरनेटवरून जाणारी खासगी वाट) त्याहून कमी. इथे गडबड असली की पिंग चालतो, काही वेबसाइट उघडतात आणि काही लटकतात. असला दोष नंतर शोधायला फार छळतो.

७. जे चालायला नको, ते चालतं का पाहा. ही चाचणी जवळजवळ कोणीच करत नाही. पाहुण्यांच्या वायफायवरून बिलिंगचा सर्व्हर उघडतो का? कॅमेऱ्याच्या पोर्टला लॅपटॉप लावला तर ऑफिसचं नेटवर्क दिसतं का? घरचा वायफाय राउटर लॅन पोर्टने उलटा जोडला, तर तो इतरांना चुकीचे पत्ते वाटायला लागतो का? एकाच साध्या स्विचच्या दोन पोर्टमध्ये एकच पॅच कॉर्ड घालून लूप केला, तर सगळं नेटवर्क कोसळतं का? हे चारही प्रकार पॅकहाऊसमध्ये पहिल्या वर्षात कोणी ना कोणी करणारच. दोष त्याचा नाही. मोकळी वायर दिसली की माणूस ती कुठेतरी खुपसतो.

इशारा: लूपची आणि लाइन भरण्याची चाचणी चालू नेटवर्कवर करू नका. आरएफसी २५४४ ची पद्धतही चालू नेटवर्कसाठी नाही. २०१२ च्या आरएफसी ६८१५ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. भाड्याची लाइन ताब्यात घेताना पुरवठादाराकडे वाय.१५६४ (लाइन तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) पद्धतीचा अहवाल मागा.

८. मोडून पाहा. मुख्य लाइन तोडायची म्हणजे फायरवॉलमधली केबल उपसायची, असं बहुतेक जण करतात. ती सोपी परीक्षा झाली. खऱ्या आयुष्यात फायबर दूर कुठेतरी तुटतं, आपल्या खोलीतल्या इंटरनेट कंपनीच्या डब्याचा दिवा हिरवाच असतो, आणि फायरवॉलला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून डब्याच्या पलीकडची, कंपनीकडून आलेली फायबर काढा. फायरवॉल बाहेरचा एखादा पत्ता सतत तपासत असेल तरच तो दुसऱ्या लाइनवर जाईल. घड्याळ लावून सेकंद मोजा, टप्पा १ मधल्या आकड्याशी ताडा. मग लाइन परत जोडा आणि तो गुपचूप मूळ लाइनवर येतो का, तेही पाहा. जाताना नीट गेलेलं परतताना अडकतं, असं बऱ्याचदा होतं.

## सही इथे, आणि कशावर

टप्पा ४ संपल्यावर आराखड्याला मंजुरी द्यायची. मंजुरीच्या कागदाला जोडा: टप्पा १ ची भरलेली यादी, नापास झालेल्या बाबी आणि त्यांवर काय बदललं, प्रत्येक उपकरणाची फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) आवृत्ती आणि सेटिंगची प्रत. आवृत्ती का? कारण टेबलावर तपासलेला स्विच आणि महिन्याने आलेला स्विच यांची आवृत्ती वेगळी निघू शकते, आणि मग तुमची चाचणी दुसऱ्याच वस्तूची होते. नापास गोष्ट "नंतर बघू" म्हणून सोडायची असेल तर तेही लिहा, आणि खाली मालकाची सही घ्या.

## टप्पा ५: बसवल्यावर, चालू करण्याआधी

केबल. आठ दिवे लावणारा स्वस्त लॅन टेस्टर तार जोडली आहे एवढंच सांगतो. ती गिगाबिट पेलेल का, हे त्याला कळत नाही. केबल सर्टिफायर भाड्याने मिळतो. प्रत्येक पॉइंटचा अहवाल पीडीएफमध्ये घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल भरपूर फिरते. चाकूने तार खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर खोका परत करा. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा निम्म्याहून अधिक वाढलेला असतो, म्हणून पॉवर वाहून नेताना ती तापते आणि टोकाला कॅमेऱ्याला वॉट पुरत नाहीत. ही तपासणी केबल पाइपात जाण्याआधी करा. खोका उघडला त्याच दिवशी.

फायबर. आधी हिशोब, मग मोजमाप. २ किलोमीटर सिंगल मोड, १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.४ डेसिबल धरले तर ०.८, दोन कनेक्टर प्रत्येकी जास्तीत जास्त ०.७५, म्हणजे १.५; दोन जोड प्रत्येकी ०.३, म्हणजे ०.६. एकूण २.९ डेसिबल. पॉवर मीटरने त्याहून जास्त घट आली, तर आधी कनेक्टर पुसा. आपल्याकडच्या धुळीत बरेच दोष पुसण्यानेच जातात. हिरवा कनेक्टर निळ्यात घुसवू नका. बसतो, पण आतले कोन जुळत नाहीत. फायबरच्या टोकात डोळा लावून उजेड पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

वायफाय. रिकाम्या गोदामातली पाहणी कचऱ्यात टाका. केळीच्या घडांत पाणीच पाणी असतं आणि पाणी रेडिओ लहरी शोषतं. कोल्ड स्टोरेजच्या पफ (फोम भरलेल्या) पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यातून सिग्नल जवळपास जातच नाही. म्हणून माल भरलेला असताना, चेंबरचं दार लावून, आत उभं राहून मोजा. लॅपटॉपवर नव्हे, जो स्कॅनर माणसं वापरणार आहेत त्याच्यावर. त्याचा अँटेना दुबळा असतो. आवाज आणि स्कॅनरसाठी उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ याच वाहिन्या वापरा.

शेतापलीकडच्या शेडला रेडिओ लिंक देणार असाल, तर समोरचं टोक नुसतं दिसणं पुरेसं नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध सरळ रेषेभोवती साधारण ८ मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो. त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे जवळपास ५ मीटर, मोकळा हवा. उन्हाळ्यात पानं गळलेल्या बांधावर केलेली चाचणी पावसाळ्यानंतर खोटी ठरते. झाडांची वाढ धरून खांबाची उंची ठरवा, आणि वाऱ्यात खांब डुलतो का तेही बघा. रावेर-यावलकडे मे-जूनमधली वादळं केळीच्या बागा आडव्या करतात. तुमचा खांबही त्याच वाऱ्यात उभा राहणार आहे.

रात्रीची फेरी. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्यांची वीज वाढते. दिवसा बजेटमध्ये बसणारा पीओई स्विच रात्री शेवटचे तीन-चार कॅमेरे बंद करतो. सगळे कॅमेरे रात्रीच्या मोडवर टाकून स्विचवर एकूण वॉट वाचा.

तपासा: प्रत्येक पोर्टवर चुकांचा काउंटर शून्य करा, रात्रभर चालू द्या आणि सकाळी वाचा. सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) वाढत असतील तर केबल संशयित. एका बाजूला वेग हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या बाजूला ऑटो असेल, तर ऑटो बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) पडते आणि तिथे लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) दिसतात. दोन्हीकडे ऑटो ठेवा.

## टप्पा ६: पूर्ण भाराने एक दिवस

टेबलावरच्या आठही चाचण्या आता जागेवर पुन्हा करा, पण आधी सांगून आणि कामाचे तास सोडून. सोबत वीजही घ्या. मेन बंद करा, यूपीएसवर सगळं चालवा आणि किती मिनिटं टिकतं ते मोजा. जनरेटर सुरू करा, मग वीज परत द्या. बदलाच्या दोन्ही क्षणी एखादा स्विच रीस्टार्ट होतो का पाहा. शेवटी सगळं एकदम बंद करून एकदम चालू करा. फायरवॉलआधी फोन जागे झाले तर काय होतं? सर्व्हरआधी डीएचसीपी मागणारे कॅमेरे पत्त्याविना बसून राहतात का? लांब वीज गेल्यावर हेच होतं, आणि तेव्हा तुम्ही जागेवर नसता.

सगळ्या उपकरणांची घड्याळं एका वेळेवर आहेत का, तेही बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. नसली तर पुढे एकही लॉग दुसऱ्याशी जुळणार नाही.

## टप्पा ७: हळूहळू चालू करा, परतीची वाट ठेवा

सगळं एका रात्रीत बदलू नका. आधी एक काटा आणि दोन स्कॅनर, आठवडाभर. मग ऑफिस, मग कॅमेरे. प्रत्येक पायरीला परतीची वेळ लिहा: "रात्री ११ पर्यंत पावती निघाली नाही, तर जुना स्विच परत जोडायचा." ही वेळ आधी ठरलेली नसली, तर माणसं "अजून दहा मिनिटं" करत पहाट करतात. जुनी उपकरणं महिनाभर तरी काढून टाकू नका.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी बदल ठेवलात, तर अडचण आल्यावर ना ठेकेदाराचा माणूस सापडेल ना तुमचा, सगळे गावाला. जळगावच्या सराफांनी धनत्रयोदशीच्या आसपास, जिनिंगवाल्यांनी गाठी बांधण्याच्या ऐन भरात कशालाही हात लावू नये.

वर्क ऑर्डरमध्ये एक अट पहिल्याच दिवशी घाला: ठेकेदाराच्या बिलाचा ठरलेला हिस्सा पहिल्या मे महिन्यातल्या फेरतपासणीपर्यंत राखून ठेवला जाईल. त्या फेरीत दुपारी दोन ते चार या वेळेत रॅकमधलं तापमान, पत्र्याखालच्या लांब केबलींवरच्या चुका, यूपीएसची मिनिटं, आणि अंधार पडल्यावर पीओई वॉट, एवढ्या चार गोष्टी पुन्हा मोजायच्या आणि टप्पा २, ५ व ६ च्या आकड्यांशेजारी लिहायच्या. राखलेली रक्कम त्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्यावर सोडायची.